‘काय म्हणलालाय गं त्यो?’ : ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’वाल्यांना सोलापुरातून खुले पत्र

सोलापूर, जून २०२२

प्रति,
‘स्टार ट्रेक : स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या अंतराळातल्या मालिकेचे लेखक-निर्माते
आणि ती आमच्या घरी ज्या ॲपवर दिसते त्या ॲपचे व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

दोघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे, कारण कोणती चूक कुणाच्या टेबलावर झाली हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो. शाळेच्या शर्टाचं बटण पहिल्याच धुण्यात निघालं तर मुख्याध्यापिका मला फोन करतात. दोरा कुणाचा होता आणि काज-बटन कुणी केलं याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. तसंच समजा, आणि आपसात काय ते वाटून घ्या.

आधी निमित्त सांगते. गेल्या आठवड्यात मी ॲपच्या ग्राहक सेवेला लिहिलं की या मालिकेला मराठी सबटायटल्स द्या. मराठीतच लिहिलं. दोन दिवसांनी इंग्रजीत उत्तर आलं, की या भाषेसाठी सध्या पुरेशी मागणी नाही. मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. मी जे पाठवलं होतं त्याला मग काय म्हणायचं? वर्षाचे पैसे एकदम भरून घेताना मात्र तुमचं ॲप माझ्याशी स्वच्छ मराठीत बोललं होतं. म्हणजे तुमच्याकडे कुणाला तरी मराठी लिहिता येतं, एवढं नक्की.

माझा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे आठ मशीन, एक कटिंग मास्तर आणि वर पत्रा. सोलापूर लोकांना चादरी-टॉवेलांमुळे माहीत असतं, पण गणवेशही इथून लांब लांब जातात. जून म्हणजे आमची दिवाळी. मागची दोन वर्षं शाळाच बंद, तर दिवाळी कसली. मशीनवर चादरी टाकून ठेवल्या होत्या आणि दुपारभर मी आणि आई ‘स्टार ट्रेक’चीच ‘डिस्कव्हरी’ ही मालिका बघत होतो. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिचा आणि ‘स्टार ट्रेक’चा संबंध तुमच्यातल्या पुष्कळांपेक्षा जुना असेल.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी मूळ मालिका लागायची. आमच्या वाड्यात टीव्ही एकाच घरी. वडील गिरणीत होते, रात्रपाळी करून झोपलेले असायचे. तेवढ्यात आई हातातलं काम टाकून माझ्यामागे यायची आणि दाराच्या उंबऱ्यावर बसायची. मला पाचवीपासून सुरू झालेलं शाळेतलं इंग्रजी, तिला तेवढंही नाही. स्पॉकला ती ‘शहाणा’ म्हणायची, डॉक्टरला ‘कावणारा’ आणि कॅप्टन कर्कला नुसतं ‘हिरो’. गोष्ट ती तोंडावरून ओळखायची आणि बहुतेक वेळा बरोबर ओळखायची. जिथे अडायचं तिथे मला कोपर मारून विचारायची, “काय म्हणलालाय गं त्यो?” मी मला समजलेलं सांगायची, न समजलेलं ठोकून द्यायची. सदतीस वर्षांत त्या प्रश्नात आणि माझ्या उत्तरात फारसा फरक पडलेला नाही. फक्त आता कोपर मारायला तिला जवळ बसावं लागतं, कारण तिला कमी ऐकू येतं.

आता मालिकेबद्दल. पाच भाग आलेत, पाचही बघून झालेत, त्यामुळे हे पहिलंच मत आहे. पुढे बदललं तर बदललं म्हणेन.

मला मालिका आवडली. हे आधी सांगून टाकते, नाहीतर तक्रार करणारी बाई जन्मजात कुरकुरी असते असं समजून पत्र खाली ठेवाल. ‘डिस्कव्हरी’त प्रत्येक सीझनला सगळं विश्व बुडायला निघायचं आणि एक भाग चुकला की पुढचे तीन समजायचे नाहीत. इथे प्रत्येक आठवड्याला एक गोष्ट सुरू होते आणि त्याच आठवड्यात संपते. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला हेच परवडतं. अंतराळातल्या त्या जहाजात उजेड आहे. कॅप्टन पाइक स्वतःच्या हाताने स्वयंपाक करून लोकांना जेवायला बोलावतो, यावर आमच्या ओव्हरलॉकवालीचा अजून विश्वास बसलेला नाही.

कपड्यांबद्दल बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. पहिल्या मालिकेतला कर्कचा सोनेरी शर्ट मुळात हिरवट होता, स्टुडिओच्या दिव्यांत आणि फिल्मवर तो पिवळा दिसायचा. आणि ते वेलूर धुतलं की आटायचं, म्हणून तिसऱ्या सीझनला कापड बदलावं लागलं. हे वाचलं तेव्हा इतकं बरं वाटलं! आटणाऱ्या कापडाने आम्हालाही एकदा साडेचारशे हाफपँटी परत घ्यायला लावल्या होत्या. तुमचे आताचे शर्ट बेतलेत चांगले, खांद्यात बसलेत, रंगही आता खरोखरचा सोनेरी दिसतो. खिसे मात्र तेव्हाही नव्हते. ही माणसं किल्ल्या ठेवतात कुठे, असं कटिंग मास्तर विचारतात.

आणि पाइक, म्हणजे कर्कच्या आधीचा त्याच जहाजाचा कॅप्टन. तुम्ही घेतलेला हा माणूस माझ्या मते सगळ्या ‘स्टार ट्रेक’मधली सर्वांत चांगली निवड आहे, आणि तिचा इतिहासही आमच्या धंद्यातल्यासारखा आहे. पहिला नमुना-भाग १९६४-६५ मध्ये तयार झाला तो याच पाइकचा. वाहिनीला तो जरा जास्तच डोकेबाज वाटला आणि नापास झाला. दुसरा नमुना काढला, त्यात कर्क आला. पण पहिलं चित्रीकरण फेकून दिलं नाही. नोव्हेंबर १९६६ मध्ये ‘द मेनॅजरी’ या दोन भागांच्या गोष्टीत कटपीस लावावा तसं बसवलं. त्यासाठी दाखवलं, की हा पाइक पुढे प्रशिक्षणाच्या जहाजावरच्या अपघातात पोरांना वाचवताना किरणांनी भाजतो, खुर्चीला खिळतो, बोलणं जातं. खुर्चीवर एक दिवा. एकदा लागला की ‘हो’, दोनदा लागला की ‘नाही’. उरलेल्या कापडातून निघालेल्या त्या माणसाला छप्पन्न वर्षांनी तुम्ही पुन्हा उभं केलंत, आणि त्याला स्वतःचं हे भविष्य आधीच माहीत आहे. ‘डिस्कव्हरी’च्या दुसऱ्या सीझनमध्ये, २०१९ साली, क्लिंगॉन या परग्रहावरच्या लोकांच्या मठात त्याला ते दिसलं होतं. आता पहिल्याच भागात तो दाढी वाढवून बर्फात घोड्यावर फिरतो आणि कुणाचे फोन घेत नाही. ज्या पोरांना तो पुढे वाचवणार आहे, त्यांची नावं तो आजच पाठ म्हणतो.

आमच्याकडे पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते. पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात, ते तिच्यासाठी. काय लिहिलं ते आईबापालाही दिसत नाही. तो पहिला भाग बघताना आईला एक शब्द कळत नव्हता, मी नुसतं एवढंच सांगितलं की याला पुढचं सगळं ठाऊक आहे. ती म्हणाली, “म्हंजे सटवाईनं लिव्हलेलं ह्यानं वाचलंय की गं. आता ह्याला झोप कशी लागायची?”

तुमच्या पहिल्या सीझनचं सार एका बाईने इंग्रजी न येता एका वाक्यात सांगितलं. तिलाच तुम्ही ‘पुरेशी मागणी नाही’ म्हणता, म्हणून हे पत्र.

तक्रार पहिली, मागचं कुठे आहे? या मालिकेची अर्धी चव मागचं माहीत असण्यात आहे. पाइकची खुर्ची बघितलेली नसेल तर त्याच्या आरशात बघण्याला काय अर्थ? पाचव्या भागात स्पॉक आणि त्याची वाग्दत्त वधू टी’प्रिंग यांच्या शरीरांची अदलाबदल होते. आई इतकी हसली की चष्मा काढावा लागला. पण १९६७ मधल्या ‘अमोक टाइम’मध्ये हीच मुलगी त्याला भर मांडवात कसं सोडते हे ज्याने बघितलंय, त्याला त्या हसण्यामागे थोडं दुखतंही. आता ॲपवर नवी मालिका आहे आणि त्यामागचं काही नाही. मूळ ७९ भाग नाहीत, ‘डिस्कव्हरी’चा दुसरा सीझनही नाही. पूर्वकथा दाखवता आणि कथा दाखवत नाही. मुंज बघायला बोलावून मुलगा कुणाचा ते सांगायचं नाही, असला प्रकार.

‘डिस्कव्हरी’चं आठवलं की अजून चीड येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये, चौथा सीझन सुरू व्हायला दोन दिवस उरलेले असताना, अमेरिका-कॅनडाबाहेरच्या आम्हा सगळ्यांना सांगण्यात आलं की तो तुम्हाला दिसणार नाही. आधीचे तीन सीझनही लगोलग काढून घेतले. जगभर ओरड झाली तेव्हा काही देशांत दुसरी सोय केली गेली. आमचं नाव त्यात नव्हतं. आई रोज विचारायची, “ती दुसरी कधी लागणार?” काय सांगणार? गणवेशाची ऑर्डर घेऊन शाळा उघडायच्या दोन दिवस आधी मी शाळेला सांगितलं की यंदा देणार नाही, आणि मागच्या वर्षीचेही उतरवून परत द्या, तर मला गावात फिरता येईल का?

तक्रार दुसरी भाषेची, आणि हीच मुख्य.

तुमचा दुसरा भाग मला आतापर्यंतचा सर्वांत चांगला वाटला. मूळ मालिकेत जहाजाचे निरोप सांभाळणारी उहुरा इथे अजून शिकाऊ आहे. पाइकच्या जेवणाच्या टेबलावर तिची ओळख निघते तेव्हा कळतं की ही मुलगी सदतीस भाषा बोलते. ज्या जगात भाषांतराला यंत्र आहे तिथे हिने भाषा शिकायचे कष्ट घेतलेत. पुढे एक धूमकेतू एका कोरड्या ग्रहावर आदळणार असतो, त्याच्या आत एक बंद यंत्रणा असते, कुणाला उघडत नाही. ही गुणगुणते आणि ते सुरांना उत्तर देतं. बळ लावून काही होत नाही, ही लक्ष देऊन ऐकते म्हणून होतं. शेवटी धूमकेतूचं बर्फ त्या ग्रहाच्या हवेत ओल सोडून जातं आणि वाळवंटात पाऊस येतो. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. आई म्हणाली, “असला एक उजनीवर सोडाय सांग त्यास्नी.” सांगितलं.

मुद्दा असा, की तो सगळा भाग ‘समोरच्याची भाषा शिकायची तसदी घ्या’ एवढंच म्हणतो. तो मी बघितला खाली इंग्रजी अक्षरं घेऊन, आणि आईने बघितला माझ्या तोंडाकडे बघत. तुम्हाला यात काहीच विसंगत वाटत नाही?

आमच्या गावात भाषांतराचं यंत्र लागत नाही, माणसंच यंत्रं आहेत. माझ्या कारखान्यात कटिंग मास्तर घरी तेलुगू बोलतात, ओव्हरलॉकवाली कन्नड, काज-बटनवाली मावशी दखनी उर्दू, मी मराठी. एकाच वाक्यात तीन भाषा येतात आणि चहा चौघांना वेळेवर मिळतो. याच गावात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले. तिथे जाऊन चिनी शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवलं आणि १९४२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. भय्या चौकाजवळून जाताना त्यांचं स्मारक दिसतं. तुमच्या जहाजावर अशा माणसाला डॉक्टरांचा निळा शर्ट मिळाला असता. आम्ही ‘अनोळखी नवी जगं’ ही कल्पना तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकलेली नाही, एवढं फक्त लक्षात असू द्या.

राहिली मागणी. २०११ च्या जनगणनेत मराठी ही आपली मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. साधारण तेवढीच माणसं आज जर्मनीत राहतात. जर्मन सबटायटल्सना मागणी आहे का, असा प्रश्न तुमच्या कार्यालयात कुणी विचारत असेल असं वाटत नाही. ‘मराठी माणसाला हिंदी कळतं की’ हे उत्तर मला ठाऊक आहे, अनेक ठिकाणी मिळतं. अहो, पण हिंदीही नाहीये या मालिकेला! आणि असतं तरी आईला बाजारापुरतं हिंदी येतं, त्यात वॉर्प इंजिन बसत नाही.

डबिंग मागत नाही. पाइकचा आवाज आम्हाला पाइकचाच हवा. खाली दोन ओळी हव्यात, मोठ्या अक्षरात.

तक्रार तिसरी, फक्त लेखकांना. ॲपवाल्यांनी वाटल्यास हा भाग सोडावा.

गॉर्नचं तुम्ही हे काय केलंत?

१९६७ मधला ‘अरीना’ हा भाग मी वाड्यातल्या त्या टीव्हीवर बघितला. गॉर्न म्हणजे रबरी मुखवटा घातलेला, सुस्तपणे हलणारा सरडा. तेव्हाही भीती वाटली नव्हती. कर्क आणि तो एका ओसाड ग्रहावर एकमेकांना मारायला सोडलेले. दोघांकडे भाषांतराचं एक-एक यंत्र दिलेलं असतं. त्यातून कर्कला गॉर्नचं म्हणणं ऐकू येतं : तुम्हीच आमच्या हद्दीत घुसलात, आम्ही आमचं राखलं. कर्क शेवटी त्याला खाली पाडतो, हातात दगडी पातं असतं, आणि मारत नाही. आईला एक वाक्य न कळता ती म्हणाली होती, “बरं केलं.” लहानपणी बघितलेल्या टीव्हीतलं जे मोजकं माझ्यात मुरलंय त्यात हे आहे.

तुमच्या चौथ्या भागात गॉर्न दिसतही नाहीत. ते माणसं पळवतात, पोसतात, खातात, आणि काळोखातून चाल करून येतात. भाग म्हणून तो जबरदस्त आहे, मी खोटं कशाला बोलू. तासभर कारखान्यात कुणी सुई ओवली नाही. पण जहाजाची सुरक्षा-प्रमुख ला’आन हिला त्यांच्या दिव्यांची भाषा येते, तिच्या मेलेल्या भावाने ती उलगडलेली असते. त्या भाषेचा उपयोग काय होतो? खोटा निरोप पाठवून गॉर्नच्या जहाजांना आपसात लढवून मारायला. आदल्या दोनच आठवड्यांपूर्वी उहुराने भाषेने दार उघडलं होतं. पंचावन्न वर्षांपूर्वी भाषांतराच्या यंत्रामुळे एक सरडा माणसासारखा वाटला होता, आज तोच पुन्हा जनावर झाला, आणि त्याला तोंडच दिलेलं नाही. ला’आनच्या डोळ्यांनी बघितलं तर गॉर्न राक्षसच असणार, तेवढं मला कळतं. पण मग पुढे कधीतरी गॉर्नच्या डोळ्यांनीही एकदा बघा. त्यांच्यातही कुणाची तरी आई उंबऱ्यावर बसत असेल.

पूर्वकथेची अडचण मला शिवणाऱ्या बाईला नवीन नाही. फर्मा आधीच कापलेला असतो, कापड त्यातच बसवायचं असतं. स्पॉक मरणार नाही, उहुरा मरणार नाही, पाइक खुर्चीत जाणार. एवढं ठरलेलं असताना जीव रमतो तो टाक्यांत, आणि तुमचे टाके पाचांपैकी चार भागांत सुबक आहेत. पण फर्म्याच्या बाहेर जाताना विचारून जा. ‘अरीना’त गॉर्न कोण हे एंटरप्राइज जहाजावर कुणाला ठाऊक दिसत नाही. इथे काही वर्षं आधीच त्यांची एवढी दहशत! हा धागा कुठे लपवणार आहात?

तक्रार चौथी बारीक आहे. पाहुणे कमी करा. ला’आन ही जुन्या मालिकेतल्या खान नूनियन सिंग या खलनायकाच्या कुळातली, शास्त्र-विभागात कर्कचा थोरला भाऊ सॅम. गावाकडच्या लग्नात जो भेटेल तो कुणाचा तरी मेहुणा निघतो, तसं झालंय. एवढ्या मोठ्या आकाशगंगेत कुणाचंच कुणी नसलेली चार माणसं भरती करा की. हेमर नावाचा तो आंधळा अभियंता बघा, कुणाचा नातेवाईक नाही, आणि आईचा सर्वांत लाडका तोच.

आणि सीझनला दहा भाग! १९६६ मध्ये पहिल्याच सीझनला एकोणतीस होते. पण त्या काळी पुठ्ठ्याची दारं मागून माणूस ओढायचा, आता खर्च काय असेल ते दिसतंय पडद्यावर. हे सोडून देते.

आता मागण्या. ऑर्डरच्या वहीत लिहिते तशाच लिहिते, म्हणजे नंतर ‘आम्हाला वाटलं’ नको.

ॲपवाल्यांनी या सीझनचे उरलेले भाग संपायच्या आत किमान पहिल्या भागाला मराठी सबटायटल्स लावून बघावीत. बघितली गेली नाहीत तर मला आकडा दाखवावा, मी गप्प बसेन. न लावताच ‘मागणी नाही’ म्हणू नये. लावाल तेव्हा यंत्राकडून करून घेऊन माणसाला न दाखवता लावू नयेत. दुसऱ्या एका मालिकेला कुणीतरी तसली हिंदी लावली होती, त्यात ‘फायर’ म्हटलं की ‘आग लागली’ असं येत होतं आणि तोफा सुटत होत्या.

मूळ मालिकेतले निदान ‘द मेनॅजरी’, ‘अरीना’ आणि ‘अमोक टाइम’, आणि ‘डिस्कव्हरी’चा दुसरा सीझन, एवढं या मालिकेशेजारी ठेवावं. सगळं शक्य नसेल तर एवढ्यावर भागेल.

काढून घ्यायचं असेल तर तीन महिने आधी सांगावं. वर्षाचे पैसे वर्षभरासाठी घेतलेत.

ग्राहक सेवेला ज्या भाषेत पत्र येईल त्या भाषेत उत्तर द्यावं.

लेखकांकडे मागणी एकच. गॉर्नला बोलू द्या. कधीही, कितव्याही सीझनमध्ये, पण बोलू द्या.

तुम्हाला वाटेल, बाई नुसतं मागते. तसं नाही. पहिल्या पाच भागांची मराठी मी लिहून काढली आहे, मागच्या वर्षीच्या कोऱ्या राहिलेल्या ऑर्डर-बुकात. वर शाळेचं नाव, इयत्ता, नग असे रकाने आहेत, त्यांच्यावरूनच लिहिलंय. डावीकडे मिनिट, उजवीकडे वाक्य. ‘वॉर्प’ला वॉर्पच ठेवलं. पाइकच्या खालच्या अधिकारी बाईला तो ‘नंबर वन’ म्हणतो, त्याचं ‘एक नंबर’ करून बघितलं, आई हसली, म्हणून खोडलं. ‘प्राइम डायरेक्टिव्ह’वर, म्हणजे दुसऱ्या जगांच्या कारभारात ढवळाढवळ करायची नाही या त्यांच्या नियमाच्या नावावर, अजून अडलेय, ‘मुख्य आज्ञा’ फार शाळेतलं वाटतं. ‘पहिला नेम’ मला पटतो, कटिंग मास्तरांना पटत नाही. पाचव्या भागातल्या विनोदांपैकी सात जमले, तीन गेले. आई आता आधी वही वाचते, मोठ्याने, आणि मग भाग बघते. वाचायला तिला वेळ लागतो, आणि मध्येच मला म्हणते, “थांबव जरा.” ही वही हवी असेल तर पाठवते. पैसे नकोत. चूक काढलीत तर दुरुस्त करून देईन, आमच्याकडे तशी पद्धत आहे.

तेरा तारखेपासून शाळा उघडतायत. तोवर मला मान वर करायला फुरसत नाही, त्यामुळे सहाव्या भागाची वही जरा उशिरा होईल. आईला तसं सांगितलंय.

आपली,
तुमची एक गिऱ्हाईक

ता. क. तिसऱ्या भागात तुमच्या डॉक्टर म’बेंगांची लेक आहे ना, जिला बरं न होणारा आजार आहे आणि जिला त्यांनी ट्रान्सपोर्टरच्या, म्हणजे माणसांना क्षणात इकडून तिकडे पाठवणाऱ्या, यंत्रात जपून ठेवलंय, अधूनमधून बाहेर काढून गोष्ट वाचून दाखवतात. आई त्या दिवशी जेवली नाही. काल मला विचारत होती, ती पोरगी बरी होणार का. मी म्हटलं, पत्र लिहितेच आहे, विचारू का त्यांना? तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, “नगं. बगू की.”